कृपया शांतता राखा : नवशिक्या शांतिरक्षकांसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेत तुमची निवड झाली आहे. घरच्यांनी पेढे वाटले असतील. निळ्या टोपीतला तुमचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला असेल. 'तिकडे जाऊन नक्की करायचं काय असतं?' असं शेजाऱ्यांनी विचारलं असेल, तुम्ही 'शांतता राखायची' असं मोघम उत्तर दिलं असेल, आणि तेवढ्यात कुणा काकूंनी मुद्द्याला हात घातला असेल : 'पगार डॉलरमध्ये ना?' काकूंना मोहिमेचं मर्म कळलं आहे. बाकीच्यांसाठी ही मार्गदर्शिका.

सरावासाठी आपण लायबेरिया घेऊ. पश्चिम आफ्रिकेतला, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा मोठा देश. संयुक्त राष्ट्रांची मोहीम इथे २००३ पासून २०१८ पर्यंत होती आणि यशस्वी मोहिमांच्या यादीत तिचं नाव वरच असतं. शिकायचं तर पहिल्या नंबराने आलेल्याची वही मागून घ्यावी.

१. देशाचा इतिहास विमानात वाचा. उतरल्यावर वेळ मिळत नाही, आणि आधी वाचला तर झोप लागत नाही. थोडक्यात असा : १९८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलर आयव्हरी कोस्टच्या हद्दीतून बंडखोर घेऊन शिरला. मग सात वर्षं मारामारी. १९९७ मध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी त्याच टेलरला जवळजवळ ७५ टक्के मतं दिली. त्याच्यावर प्रेम होतं म्हणून नव्हे. हरला तर हा पुन्हा रानात जाऊन बंदूक काढील, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मतं देऊनही दोन वर्षांत दुसरं युद्ध पेटलंच. या खेपेला टेलर सरकारात होता आणि बंडखोर दुसरे होते. एका संघटनेच्या नावात 'समेट' आणि 'लोकशाही' दोन्ही, दुसरीच्या नावात नुसती 'लोकशाही'. नव्या माणसाने लक्षात ठेवावं, नावात लोकशाही जितकी जास्त तितकं आपण जमिनीवर लवकर आडवं व्हावं.

तुमच्याआधीही इथे शांतिरक्षक येऊन गेले आहेत. नव्वदच्या दशकात नायजेरियाच्या पुढाकाराने शेजारी देशांची फौज आली होती. तिचं नाव 'एकोमॉग'. या आद्याक्षरांचा राजधानी मोनरोवियाच्या लोकांनी लावलेला अर्थ : 'एव्हरी कार ऑर मूव्हिंग ऑब्जेक्ट गॉन'. पाहुण्यांबद्दल लोकांचं मत कुठून सुरू होतं, ते यावरून कळावं.

२. शांतता कुणी आणली, या वादात पडू नका.

२००३ च्या जूनमध्ये घानात वाटाघाटी सुरू झाल्या. बंडखोरांचे सरदार तिथे हॉटेलात उतरले. खोल्या थंडगार, जेवण वेळेवर, बिल दुसऱ्याचं. कित्येक वर्षं रानात काढलेल्या माणसाला अशा वाटाघाटी लवकर संपाव्यात असं का वाटावं? दिवसा चर्चा करायची आणि संध्याकाळी मोनरोवियातल्या आपल्या पोरांना फोनवर सांगायचं, आणखी दोन गोळे टाका, आपलं वजन वाढतंय. बैठकीचं घोंगडं असं आठवडेच्या आठवडे भिजत पडलं.

या काळात मोनरोवियातल्या बायका मासळीबाजाराजवळच्या मैदानावर पांढरे कपडे घालून बसल्या होत्या. टेलरच्या गाड्यांचा ताफा ज्या रस्त्याने जायचा त्या रस्त्याच्या कडेला, उन्हात आणि पावसात. ख्रिस्ती बायका होत्या, मुसलमान बायका होत्या. त्यांच्यातल्या काही जणी आपल्या पुढारी लेमा बोवी यांच्यासोबत घानात पोचल्या. जुलैत त्यांनी बैठकीच्या दालनाच्या दारातच फतकल मारली. करार झाल्याशिवाय एकालाही बाहेर सोडणार नाही, जेवायलासुद्धा नाही. पहारेकरी अटक करायला आले तेव्हा बोवी अंगावरचे कपडे उतरवायला निघाल्या. आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे त्या भागात पुरुषाला मोठा शाप. आतल्या शूर सेनापतींना अचानक मसुद्यातली कलमं दिसायला लागली. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

सह्या करायला टेबलाशी कोण बसलं होतं? सेनापती. तुमच्या अहवालात 'स्थानिक महिला गटांनीही मोलाचं योगदान दिलं' हे वाक्य एका परिच्छेदाच्या शेवटी घाला. 'ही'वर जोर नको.

३. खाती वाटताना हात आखडू नका. हा करार म्हणजे लग्नाच्या याद्याच समजा, मानपान चुकला की वरात परत फिरणार. मंत्रालयं एकवीस होती. पाच टेलरच्या जुन्या सरकारला, पाच एका बंडखोर गटाला, पाच दुसऱ्या बंडखोर गटाला. राजधानीवर तोफगोळे टाकणाऱ्या गटाच्या वाट्याला कोणती खाती आली? न्याय आणि अर्थ. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तसं म्हणू नका, 'सर्वसमावेशक हंगामी सरकार' म्हणा. ज्यांनी एकही गोळी झाडली नव्हती ते पक्ष आणि नागरी संघटना मिळून सहा खात्यांचे धनी झाले. शहात्तर जागांच्या हंगामी विधिमंडळातही तीन लढाऊ गटांना बारा-बारा जागा, आणि सगळ्या नागरी संघटनांना मिळून सात.

यातून तरुणांना योग्य तो संदेश गेला. शाळेत गेलात तर मास्तर व्हाल, तोही पगार न मिळणारा.

४. सुरक्षा परिषदेचा ठराव तोंडपाठ करा, पण फार खोलात शिरू नका. आपला ठराव क्रमांक १५०९, १९ सप्टेंबर २००३. युद्धबंदीवर लक्ष ठेवणं, बंदुका गोळा करणं, पोलीस उभे करणं, सैन्याची फेररचना, मानवी हक्क, निवडणूक, न्यायव्यवस्था, खाणी आणि जंगलांवर सरकारचा ताबा. सगळं एकाच ठरावात, १५,००० सैनिकांच्या बळावर. कुणी विचारलं यातलं आधी काय, तर म्हणा, 'समन्वयाने.'

५. माणसं एकाची, पैसा दुसऱ्याचा, मत तिसऱ्याचं. ही विभागणी नीट समजून घ्या, म्हणजे पुढे मनस्ताप होत नाही. ठराव करतात ते न्यूयॉर्कमधल्या टेबलाभोवतीचे पाच मोठे. पैसा मुख्यतः श्रीमंत देशांकडून येतो, तोही बहुधा उशिरा. अमेरिकेच्या थकबाकीचा विषय जेवणाच्या टेबलावर काढू नये. आणि चिखलात उभे राहतात ते पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी, घानाचे, इथिओपियाचे. त्या काळी एका सैनिकामागे त्याच्या सरकारला महिन्याला १,०२८ डॉलर मिळायचे. सरकार त्यातले सैनिकाच्या हातावर किती ठेवायचं, हा ज्या त्या देशाचा घरगुती प्रश्न.

आणि अमेरिका? लायबेरिया ही अमेरिकेतून परत पाठवलेल्या मुक्त गुलामांनी वसवलेली भूमी. राजधानीला नावही अमेरिकी राष्ट्राध्यक्ष मन्रो यांचं. २००३ च्या जुलैत शहरावर तोफगोळे पडत होते तेव्हा लोकांनी मेलेल्यांची प्रेतं उचलून अमेरिकी वकिलातीच्या दारासमोर नेऊन रचली. पुढे अमेरिकी युद्धनौका आल्याही, किनाऱ्यापासून जरा दूर थांबल्या, आणि ऑगस्टमध्ये दोन-अडीचशे जवान थोडे दिवस उतरून गेले. समुद्रावरून शांतता स्पष्ट दिसते म्हणे.

नियंत्रण रेषेवर एकमेकांवर दुर्बिणी रोखून बसणारे भारत आणि पाकिस्तान इथे एकाच निळ्या रंगाखाली काम करतात, हेही बघायला मिळेल. त्याचा फोटो काढून घरी पाठवू नका. ग्रुपवर विनाकारण अशांतता पसरेल.

६. गाडी ताब्यात घ्या. शांतता मोहीम म्हणजे पांढरी लँड क्रूझर. बाजूवर हातभर उंचीची काळी अक्षरं, पुढे बंपरला बांधलेली लांबलचक अँटेना, आत कार्ड सरकवल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा एक डबा. मोनरोवियात पाऊस वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. कोकणातल्या माणसाला तिथली तांबडी माती ओळखीची वाटेल, पण भ्रमात राहू नका. झोरझोरहून वोइंजामाकडे निघालात तर सप्टेंबरात रस्ता आणि ओढा यांच्यातला फरक संपलेला असतो. चाकं बुडाली की गावातली पोरं ओंडके आणि फळ्या घेऊन हजर होतात. ओंडका चाकाखाली घालायचा भाव वेगळा, ढकलायचा वेगळा. युद्धाच्या काळात याच पोरांपैकी काही जण याच वळणावर दोरी आडवी बांधून उभे असायचे. दरपत्रक तेव्हा नव्हतं.

गाडीत आठ जणांची जागा असते. त्यात गावकऱ्यांना घ्यायचं नाही. घ्यायचंच तर अपघात झाल्यास मोहीम जबाबदार नाही, असं लिहून दिलेला फॉर्म आधी भरून घ्यायचा. रस्त्याच्या कडेला बाळंतकळा सोसणारी बाई दिसली तर तिला हा नियम शांतपणे समजावून सांगा. फॉर्मच्या दोन प्रती लागतात.

राहायला जागा शोधताना जनरेटरचा आवाज ऐका. १९९० मध्ये माउंट कॉफीचं जलविद्युत केंद्र बंद पडलं ते पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडलं. मधली सगळी वर्षं सरकारी तारेतली वीज ही बहुतेकांसाठी आजीच्या गोष्टीतली वस्तू होती. मोहीम आली की जिथे जनरेटर, कुंपण आणि पाण्याची टाकी आहे त्या घराचं भाडं गगनाला भिडतं. घरमालक बहुधा जुना मंत्री, नाहीतर नवा. आपली ही भाड्याची गंगा कुठे वाहते ते बघत बसू नका. तुम्ही देशाची अर्थव्यवस्था सावरता आहात. सुरुवातीच्या वर्षांत मोहिमेचा वर्षाचा खर्च ७० कोटी डॉलरच्या वर होता आणि लायबेरिया सरकारचा अर्थसंकल्प ८ कोटींच्या आसपास. दोघांतलं सरकार कोणतं, हे ओळखायला तुम्हाला पहिला आठवडा जड जाईल. लायबेरियन लोकांना तो जड गेला नाही.

७. बंदुका मोजा. हे मुख्य काम, म्हणून जरा सावकाश.

पहिली पायरी : लढवय्ये किती याचा अंदाज करा. अंदाज ३८,००० निघाला.

दुसरी पायरी : बंदूक आणून देणाऱ्याला ३०० डॉलर जाहीर करा, दोन हप्त्यांत. अशा देशात जाहीर करा जिथे बहुतेकांना दिवसाला एक डॉलरही मिळत नाही. आणि मग शांतपणे विश्वास ठेवा की फक्त खरेच लढवय्ये येतील.

तिसरी पायरी : पुरेसे सैनिक पोचायच्या आत उद्घाटन उरका. ७ डिसेंबर २००३ रोजी विमानतळाच्या रस्त्यावरच्या शिफेलिन छावणीत टेलरच्या जुन्या फौजेसाठी दार उघडलं. व्यवस्था हजारेक माणसांची. दारात हजारोंचा लोंढा, प्रत्येकाच्या खांद्यावर बंदूक, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न : पैसे आज का नाही? उत्तर ऐकून पोरं तशीच बंदुका घेऊन शहरात परत गेली आणि हवेत, मग हवेच्या जरा खाली, गोळीबार सुरू झाला. माणसं मेली. तेव्हा हप्त्यातले ७५ डॉलर लगेच द्यायचं ठरलं. थोडक्यात, निःशस्त्रीकरणाचा पहिला हप्ता बंदुकीच्या धाकावर वसूल झाला. दहाएक दिवसांनी दुकान बंद करावं लागलं, ते एप्रिल २००४ मध्ये पुन्हा उघडलं.

चौथी पायरी : नियम सोपे करा. बंदूक नसेल तर १५० काडतुसंही चालतील. आता तुम्ही सरदार आहात असं समजा. तुमच्याकडे काडतुसांच्या पेट्या आहेत आणि भाचे-पुतणे भरपूर आहेत. दीडशेची एक पुडी करायची, एकेका भाच्याच्या हातात द्यायची, वर यादीत नाव घालायचं, आणि ३०० तला आपला वाटा कापून घ्यायचा. उलट ज्या पोरींनी तुमच्या टोळीसोबत तीन-चार वर्षं काढली, ओझी वाहिली, रांधलं, सोसलं, कधी स्वतःही बंदूक चालवली, त्यांच्याकडची बंदूक काढून घ्यायची आणि दुसऱ्याला विकायची. त्या रांगेपर्यंत पोचतच नाहीत. यादी तुमच्या हातात, मोहीम यादीवर शिक्का मारणार. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ही म्हण इथे कुणाला माहीत नाही, पण म्हणीवाचून अडलंही नाही.

पाचवी पायरी : बेरीज करा. २००४ च्या अखेरीस निःशस्त्र झालेले लढवय्ये १,०३,००० हून जास्त. जमा झालेली शस्त्रं सुमारे २८,०००. म्हणजे एका बंदुकीमागे साडेतीनहून जास्त योद्धे. जगाच्या इतिहासात इतकी काटकसरी फौज दुसरी झाली नसेल. चांगल्यातल्या काही बंदुका हद्दीपलीकडे आयव्हरी कोस्टला गेल्याचीही बोलवा होती, कारण तिकडे दर बरा होता. घाबरू नका. ३८,००० च्या उद्दिष्टावर १,०३,००० ची पूर्तता झाली, म्हणजे काम २७१ टक्के झालं. हा आकडा पहिल्या पानावर घ्या. शस्त्रांचा आकडा परिशिष्टात.

कुणी बंदूक न धरता, जीव मुठीत घेऊन पोराबाळांसह पळाला होता आणि आता घरी परतला आहे, असा माणूस भेटला तर? त्याला प्रवासापुरते पैसे, थोडं धान्य, भांडी, ताडपत्री. तो रागाने बघेल. त्याला सांगा, समेट ही मनातून यायला हवी.

८. ज्याने बंदूक सोडली त्याला करवत द्या. सुतारकाम, गवंडीकाम, शिवणकाम. काही महिन्यांचं प्रशिक्षण, शेवटी हत्यारांची पेटी. पण घरं कोण बांधून घेणार, हे प्रशिक्षणात येत नाही. पेट्या लवकरच बाजारात दिसतील. मोनरोवियाबाहेरचा रेड लाइट बाजार मोठा आहे, तिथे रंधा, करवत, पाना सगळं वाजवी भावात मिळेल, तुमच्याही घराला लागेल. पोरांनी स्वतःहून जो धंदा शोधला तो मोटरसायकलवरून सवारी नेण्याचा. त्याचं प्रशिक्षण कुणी दिलं नव्हतं, म्हणून तो चालला. काही जुन्या लढवय्यांनी गथ्री कंपनीचा रबराचा मळाच बळकावला आणि २००६ पर्यंत चीक काढून विकला. अहवालात याला 'उपजीविका' म्हणावं की 'अतिक्रमण', हे वरून विचारून घ्या.

९. कार्यशाळा घ्या. शंका आली की घ्या. विषय कोणताही, सामग्री एकच : फ्लिपचार्ट, न उमटणारे मार्कर, बाटलीबंद पाणी, दुपारी भात आणि कोंबडी, शेवटी प्रमाणपत्र. गटचर्चेत 'संघर्षाची मूळ कारणं' लिहून काढायला सांगा. लोक गरिबी, भ्रष्टाचार, जमीन असं लिहितील. ते एका वेगळ्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि म्हणा, 'यावर आपण नंतर येऊ.' प्रवासभत्ता आधी वाटू नका, दुपारनंतर खोली रिकामी होते.

१०. वर्तणूक. इथे विनोद करताना हात जरा थबकतो, पण नियमावलीच मुळात अशी आहे की मी काही वाढवलेलं नाही. महासचिवांचं परिपत्रक ऑक्टोबर २००३ मध्ये निघालं. अठरा वर्षांखालील कुणाशीही शरीरसंबंध नाही, पैसा, नोकरी किंवा अन्न देऊन संबंध नाही. यादी काढून काही बार आणि ठिकाणं बंद घोषित केली जातात. ती यादी नवख्यांना पत्ते शोधायला उपयोगी पडते. त्याआधी दहा वर्षं कंबोडियातल्या मोहिमेत तर पांढऱ्या गाड्या असल्या ठिकाणांबाहेर उभ्या करू नयेत अशी सूचना निघाली होती. पायी जाण्यावर बंदी नव्हती.

एखाद्या सैनिकावरचा आरोप सिद्ध व्हायच्या बेतात आला तर? लायबेरियाच्या कोर्टाला त्याला हात लावता येत नाही, संयुक्त राष्ट्रांना खटला चालवता येत नाही. त्याला मायदेशी पाठवायचं. तिथे पुढे काय झालं, ते त्या मुलीला कळवायची सोय सहसा नसते. 'शून्य सहिष्णुता' हे शब्द ठळक टाइपात घ्या.

११. चांगलं काम झालं तर भाषणात वापरा, वाढवू नका. जानेवारी २००७ मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची तुकडी मोनरोवियात उतरली. शंभराहून अधिक जणी, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी. रात्रीची गस्त, जमाव पांगवणं, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा, आणि फावल्या वेळात शाळेतल्या मुलींना स्वसंरक्षणाचे धडे. पोलिसात भरतीसाठी येणाऱ्या लायबेरियन मुली वाढल्या. नऊ वर्षं एकामागून एक तुकड्या येत राहिल्या, २०१६ मध्ये शेवटची परतली. त्यांचा उल्लेख महिला, शांतता आणि सुरक्षा या विषयावरच्या प्रत्येक परिषदेत होतो. मग अशा आणखी दहा तुकड्या का नाहीत, असं विचारणारा माणूस परिषदेत नवा असतो.

१२. निवडणूक घ्या आणि निकालाकडे पाठ फिरवा. २००५ ची निवडणूक खरंच चांगली झाली. राष्ट्राध्यक्षपदाला बावीस उमेदवार. दुसऱ्या फेरीत जॉर्ज विया हा जगप्रसिद्ध फुटबॉलपटू आणि एलन जॉन्सन सर्लीफ या अर्थतज्ज्ञ बाई, बाई ५९ टक्क्यांनी विजयी. आफ्रिकेत निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. फोटो इथपर्यंतच काढा. कॅमेरा जरा बाजूला वळला तर सिनेटर दिसतील. प्रिन्स जॉन्सन : याने १९९० मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डो यांना पकडून हाल करून मारलं, त्या हालांचं चित्रीकरण करून घेतलं, आणि चित्रफितीत हा बीअर पिताना दिसतो. निंबा परगण्यातून निवडून आला. त्याच परगण्यातून अडॉल्फस डोलो, युद्धातलं नाव 'जनरल पीनट बटर'. टेलरची तेव्हाची पत्नीही सिनेटर झाली. मतदारयादी, शाई, पेट्या, निरीक्षक यांत एक चूक काढता येणार नाही. तुमची जबाबदारी पेटीपर्यंत.

१३. न्यायाचा विषय पुढच्या अधिकाऱ्यासाठी ठेवा. सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. कित्येक सरदारांवर खटले भरा, आणि टेलरला सुरुवातीच्या काळात मदत केल्याबद्दल ज्यांना ३० वर्षं सार्वजनिक पदापासून दूर ठेवावं त्या यादीत खुद्द सर्लीफ. २०११ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, बोवींसोबत, आणि त्याच वर्षी त्या पुन्हा निवडूनही आल्या. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली, पण शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात केलेल्या एकाही गोष्टीसाठी नाही. 'जंगल जब्बा' नावाने कुप्रसिद्ध असलेल्या सरदाराला २०१८ मध्ये फिलाडेल्फियात ३० वर्षं मिळाली, तीही युद्धातल्या कृत्यांसाठी नव्हे. अमेरिकेत आश्रय मागताना फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून. फॉर्म नीट भरण्याचं महत्त्व आता पटलं असेल. लायबेरियाच्या स्वतःच्या न्यायालयात मोहीम असेपर्यंत एकाही सरदारावर युद्धगुन्ह्याचा खटला उभा राहिला नाही.

१४. निघताना. जानेवारी २०१८ मध्ये जॉर्ज विया राष्ट्राध्यक्ष झाला. १९४४ नंतर प्रथमच एका निवडून आलेल्या नेत्याकडून दुसऱ्याकडे सत्ता शांतपणे गेली. उपराष्ट्राध्यक्षपदी टेलरची तीच माजी पत्नी. ३० मार्चला मोहीम बंद झाली. अहवालात एखादं खरं वाक्य घालायचं असेल तर इथे घाला : साडेचौदा वर्षांत युद्ध पुन्हा पेटलं नाही, आणि मोनरोवियातलं पोर आज गोळीबाराच्या आवाजाने नव्हे, मोटरसायकलच्या हॉर्नने दचकतं. हे वाक्य एकदाच लिहा. दुसऱ्यांदा लिहिलंत तर कुणीतरी विचारेल, यातलं आपलं किती, पांढऱ्या कपड्यातल्या त्या बायकांचं किती, आणि लोक नुसते दमले होते त्याचं किती.

मग सामानाची यादी. गाड्या, जनरेटर, कंटेनर, खुर्च्या. चांगल्या वस्तू पुढच्या मोहिमेला, मोडक्या सरकारला समारंभपूर्वक भेट. जनरेटर भेट देताना डिझेलचा उल्लेख टाळा.

शेवटी तुमचा ड्रायव्हर येईल. सगळी वर्षं त्याने तुम्हाला त्या चिखलातून बाहेर काढलं. मोहिमेच्या पगारावर त्याच्या घरातली आठ-दहा माणसं जेवत होती, आणि परवापासून तो बेकार आहे. त्याला मायेने जवळ घ्या आणि प्रशस्तिपत्र द्या. मजकूर कार्यालयात तयार असतो, फक्त माणसाचं आणि देशाचं नाव भरायचं असतं. देशाच्या जागी आधीच्या मोहिमेतलं नाव तसंच राहिलेलं नाही ना, तेवढं सही करण्यापूर्वी एकदा बघा.